भेग कुठं पडायची ते कोण ठरवतं?

चैत्र-वैशाखात कधी आमच्या मुरुडला आलात तर एक करा. (आमचं मुरुड म्हणजे लातूरहून बार्शीला जाणाऱ्या रस्त्यावरचं. जंजिऱ्याजवळचं मुरुड वेगळं. आमच्याकडं समुद्र नाही, प्यायचं पाणीसुद्धा बेताचंच असतं.) गावाबाहेर कुठल्याही काळ्या रानात उतरा आणि खाली बघत चाला. बघत चालावंच लागतं, नाहीतर पाय अडकतो. जमीन अशी उललेली असते की, काठी आत सोडली तर सरसर खाली जाते. हात मात्र घालू नका, आत विंचू गारव्याला बसलेला असतो. लहानपणी आम्ही त्या भेगांत चिंचोके टाकायचो आणि कान लावून आवाज ऐकायचो. तळाला लागल्याचा आवाज कधी आलाच नाही.

दुष्काळ पडला की वर्तमानपत्रात एक फोटो हमखास येतो. भेगाळलेली जमीन, तिच्यावर उकिडवा बसलेला शेतकरी, हात कपाळाला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या दिवसांत धनेगावच्या मांजरा धरणाच्या कोरड्या तळाचे फोटो देशभर छापून आले. फोटो खरेच होते. पण मला दर वेळी वाटायचं, या भेगांकडं कुणी नीट बघतच नाही. सगळे त्यांच्याकडं बघून फक्त हळहळतात. अहो, त्या भेगांना आकार आहे, क्रम आहे, त्यांच्यात थोरली-धाकटी आहे! त्या वाचता येतात.

यंदा मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा माझी भाची घरीच होती. आठवीची सुट्टी. दुपारी कंटाळून तिनं विचारलं, "आत्या, माती वाळल्यावर आकसते ना? मग सगळी मिळून एकदम आकसून बारकी का होत नाही? फुटते कशाला?"

प्रश्न फार चांगला होता. वाळलेलं बोर फुटत नाही, आकसून सुरकुततं. मिरची आकसते. मग मातीनंच का फुटावं? उत्तर द्यायच्या आधी मी तिला मातीची पाटी भरून आणायला पाठवलं.

आमच्याकडं जमिनीचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. पांढरी म्हणजे गावठाण, जिथं घरं असतात. काळी म्हणजे शेती. ही नुसती रंगाची गोष्ट नाही. जुन्या माळवदाच्या घरांच्या छतावर पांढरी मातीच टाकायचे, काळी कधीच नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात उलते, मग छत गळणार नाही तर काय! आजही घराचा पाया खणायचा झाला तर काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली जातात. या मातीत निम्म्याच्या आसपास, कुठं कुठं त्याहूनही जास्त, चिकणमातीचे कण असतात. एकेक कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक. त्यातला मुख्य प्रकार म्हणजे माँटमोरिलोनाइट, फ्रान्समधल्या माँटमोरियाँ गावावरून नाव पडलेला. त्याचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात आणि पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं. पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की बसते.

भाचीनं माती आणली, आम्ही ती चाळली आणि पाण्यात कालवून खिरीसारखी केली. चार जुन्या स्टीलच्या थाळ्या घेतल्या. पहिलीत ब्रशनं नुसता रंग द्यावा तसा लेप दिला, थाळी जेमतेम झाकेल एवढा. दुसरीत अर्धं बोट जाडीचा थर, तिसरीत चांगला दोन बोटं. चौथीतला थर दुसरीएवढाच, पण आधी तिला आतून सढळ हातानं तेल चोळलं. तेल बघून आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय करायल्यात गं तुम्ही? मातीला फोडणी द्यायलाव का?"

चारही थाळ्या सावलीत ओट्यावर ठेवल्या. उन्हात ठेवल्या असत्या तर कडेनं आधी वाळून गडबड झाली असती.

आता माती वाळताना आत काय होतं ते सांगते. रंगाचा ब्रश पाण्यात बुडवून बघा. पाण्यात असतो तोवर त्याचे केस मोकळे असतात. बाहेर काढला की सगळे केस एकमेकांना चिकटतात आणि टोक होतं. ओढतं कोण? केसांमधलं उरलेलं पाणी. मातीतही तसंच होतं. पाणी कमी होत गेलं की कणांच्या मधे राहिलेलं पाणी त्या कणांना एकमेकांकडं ओढायला लागतं. कण जितके बारीक, ओढ तितकी जबर. म्हणून वाळूला भेगा पडत नाहीत आणि काळ्या मातीला पडतात.

पण नुसत्या ओढीनं भेग पडत नाही. पी.टी.च्या तासाला असा खेळ खेळून बघा. वीस-पंचवीस मुलं एका रांगेत, एकमेकांचे हात धरून. अट एकच, कुणाचेही पाय जागेवरून हलायचे नाहीत. शिटी वाजली की प्रत्येकानं दोन्ही बाजूंच्या मुलांना आपल्याकडं ओढायचं. सगळ्यांना जवळ यायचंय, पण पाय तर रोवलेले. काय होईल? कुठंतरी हात सुटतील. जिथं पकड सगळ्यांत ढिली तिथंच सुटतील. हीच भेग. पाय मोकळे सोडले असते तर? सगळी रांग हसत-खिदळत एकमेकांजवळ आली असती, हात कुणाचेच सुटले नसते. बोराचं आणि मिरचीचं तसंच होतं. त्यांना कुणी खालून धरून ठेवलेलं नसतं.

म्हणजे भेग पडायला दोन गोष्टी लागतात. एक, आकसायची ओढ. दुसरी, आकसू न देणारी पकड. थाळीतल्या मातीला थाळीचा तळ धरून ठेवतो. रानात वरची माती वाळते, पण खालची ओली माती तिला धरून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची मला हलवून उठवायला आली. "आत्या, चौथी थाळी बघ!"

तेल लावलेल्या थाळीतली माती कडेपासून सुटून आत सरकली होती. मधून एक-दोन भेगा होत्या तेवढ्याच, बाकी भाकरीसारखी अखंड. शेजारच्या दुसऱ्या थाळीत तेवढीच माती, पण तिची चांगली पंधरा-वीस तुकड्यांची फरशी झाली होती. फरक फक्त तेलाचा! १९९४ साली इस्राएलमधल्या ग्रोइस्मन आणि कॅप्लान या दोन शास्त्रज्ञांनी अगदी असाच प्रयोग छापला होता. त्यांनी माती नव्हती घेतली, कॉफीची पूड घेतली होती. तळाची पकड कमी केली की भेगा कमी होतात, हे त्यांनी दाखवलं. थराची जाडी वाढवली की तुकडे मोठे होतात, हेही त्यांनीच मोजून दाखवलं.

हे जाडीचं आमच्या तिसऱ्या थाळीनं दाखवलं, मात्र तिला वाळायला चांगले पाच दिवस लागले. तिच्यात सगळे मिळून सहा तुकडे पडले, ढेकळासारखे. असं का? पुन्हा रांगेकडं चला. एका ठिकाणी हात सुटले की त्याच्या आसपासच्या मुलांचा ताण उतरतो. तिथं लगेच दुसरे हात सुटणार नाहीत. दूरच्या मुलांचा ताण तसाच असतो, पुढची भेग तिकडं पडणार. ताण किती दूरपर्यंत उतरेल? तळाची पकड वरपर्यंत किती पोचते त्यावर ते ठरतं. थर पातळ असेल तर तळ अगदी जवळ, पकड घट्ट. ताण थोड्याच अंतरापर्यंत उतरतो आणि भेगा जवळजवळ पडतात. थर जाड असेल तर वरच्या मातीला तळाची पकड तेवढी जाणवत नाही. एका भेगेनं लांबपर्यंत सुटका होते. म्हणून कोरड्या तळ्यात तळहाताएवढे तुकडे दिसले तर समजा, वरचा गाळाचा थर पातळ आहे. घमेल्याएवढे दिसले तर थर जाड.

मग या हिशेबानं सगळ्यांत पातळ अशा पहिल्या थाळीत सगळ्यांत बारीक तुकडे पडायला हवे होते, नाही का? भाचीनं हेच म्हटलं. पण तिथं भेगच नव्हती! भिंग लावून बघितलं, काठाला दोन-चार केसांसारख्या रेषा होत्या तेवढ्याच.

इथं खरी गंमत आहे. फाटायलासुद्धा खर्च येतो. कापड फाडताना तुम्हाला जोर लावावा लागतो ना? तसा भेग पाडायला जोर लागतो आणि तो पुरवायचा कुणी? थरात साठलेल्या ताणानं. थर जाड असेल तर ताणाची साठवण भरपूर, खर्च सहज भागतो. थर फारच पातळ असला की साठवण इतकी थोडी की खर्च परवडतच नाही. मग माती ताण सोसून तशीच चिकटून राहते. १९२१ साली इंग्लंडमध्ये ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअरनं काचेच्या तड्यांवर काम करताना हा जमाखर्च पहिल्यांदा मांडला. रंगाऱ्याला विचारा. तो एकच जाड हात कधी देत नाही, पातळ पातळ दोन-तीन हात देतो.

ग्रिफिथचं नाव आमच्या आजीला माहीत नव्हतं. पण घर सारवताना ती मला म्हणायची, "पातळ हात फिरव गं, थापू नको. उलंल ते." आणि भिंतीच्या गिलाव्याची माती ती चार-आठ दिवस भिजवून ठेवायची, त्यात गव्हाचा भुसा आणि शेण घालून तुडवायची. भुशाच्या काड्या आणि शेणातले तंतू मातीला आतून टाके घातल्यासारखे धरून ठेवतात. भेग निघाली तरी काडीपाशी अडते. ही युक्ती फार जुनी. अजिंठ्याच्या लेण्यांत खडकावर थेट चित्रं काढलेली नाहीत. आधी मातीचा गिलावा, त्यात तुसं, गवत, वनस्पतींचे तंतू; त्यावर आणखी बारीक मातीचा पातळ थर; मग चुन्याचा त्याहून पातळ हात आणि त्यावर रंग. शेकडो वर्षांपूर्वीचे ते कारागीर आणि आमची आजी यांचं या बाबतीत एकमत होतं.

आता वाचायचं कसं ते शिकवते. दुसऱ्या थाळीत आम्ही भेगा कुठं मिळतात ते बघितलं. बहुतेक ठिकाणी एक भेग सरळ चाललेली आणि दुसरी तिला काटकोनात येऊन थांबलेली. इंग्रजी टी अक्षर आडवंतिडवं ठेवल्यासारखं. यातली थोरली कोण? जी सरळ निघून गेली ती. दुसरी आली तेव्हा पुढं रस्ता तुटलेला होता, म्हणून ती तिथंच थांबली. म्हणजे ती धाकटी. काटकोनच का? भेगेच्या काठावरच्या मातीला भेगेच्या बाजूनं ओढणारं कुणी उरलेलं नसतं. ओढ उरते ती फक्त काठाकाठानं. ती ओढ तोडायची तर काठाला काटकोनातच फाटावं लागतं. भाचीनं वहीत सगळ्या भेगा उतरवून घेतल्या आणि त्यांना जन्माच्या क्रमानं आकडे टाकले. अगदी पोलीस पंचनामा करतात तसा.

संध्याकाळी आम्ही रानात गेलो, वही घेऊन. तिथं मात्र तिचा हिरमोड झाला. रानातल्या भेगांत काटकोन फार थोडे होते. तीन भेगा एकमेकींना सारख्याच कोनात मिळालेल्या, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. थोरली कोण, धाकटी कोण, काही कळेना.

थाळीतली माती एकदाच वाळली होती. रान दर वर्षी भिजतं आणि दर वर्षी वाळतं. पावसात भेगा मिटतात, पण जुन्या जखमेसारखी ती जागा कच्ची राहते. पुढच्या उन्हाळ्यात भेग तिथंच उघडते, पण क्रम तोच राहत नाही. कधी धाकटी आधी उघडते, कधी थोरली. काटकोनाचा कोपरा दर वेळी थोडा थोडा सरकतो. असं होता होता तिन्ही बाजूंची ओढ सारखी होते. तीनशे साठ अंशांचे तीन सारखे वाटे केले की किती? एकशेवीस. लुकास गोरिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे चिकणमातीवर करून बघितलं. एकच थर पुन्हा पुन्हा भिजवला आणि वाळवला, आणि दर वेळी त्याचे फोटो घेतले. पंचवीस पाळ्या केल्या. सुरुवातीचे काटकोन हळूहळू एकशेवीस अंशांकडं सरकताना त्यांना दिसले. २०१० साली हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे काटकोन दिसले तर समजावं, हा थर नवा आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कोन दिसले तर ही जागा कित्येकदा भिजली आणि वाळली आहे.

आणि हे फक्त मातीपुरतं नाही बरं का. मुंबईला अंधेरीत गिल्बर्ट हिल नावाचा एक उंच सुळका आहे. दुरून बघितलं तर दगडाचे उभे खांब एकमेकांना चिकटवून ठेवलेत असं वाटतं. खांबांना पाच-सहा बाजू असतात. कुणी घडवले? कुणीच नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिथला लाव्हा थंड होताना आकसला आणि उलला. पाण्याऐवजी तिथं उष्णता गेली, एवढाच फरक. भेगा बाहेरून आत टप्प्याटप्प्यानं सरकत गेल्या आणि प्रत्येक टप्प्याला त्यांचे कोन थोडे सुधारत गेले, रानात दर वर्षी सुधारतात तसेच. त्याच काळात महाराष्ट्रभर जो लाव्हा पसरला त्याचा काळा दगड झाला, तो दगड झिजून झिजून आमची काळी माती झाली. दगड होताना उलला आणि माती झाल्यावरही उलतोच आहे!

जपानमधल्या निहोन विद्यापीठातल्या नाकाहारा आणि मात्सुओ यांचा एक प्रयोग मला फार आवडतो. खडूसारख्या पांढऱ्या भुकटीचा रबडीसारखा लगदा त्यांनी थाळीत घेतला, थाळी थोडा वेळ एकाच दिशेनं मागं-पुढं हलवली आणि मग ठेवून दिली. लगदा वरून अगदी शांत, सपाट. पण वाळल्यावर त्यात समांतर भेगा पडल्या, हलवण्याच्या दिशेला बरोबर आडव्या. म्हणजे ओल्या लगद्याला आधीचं हलवणं आठवत होतं! नाकाहारा, गोरिंग, कित्सुनेझाकी आणि कोलकात्याच्या सुजाता तरफदार व तपती दत्ता यांनी मिळून २०१५ साली वाळण्याच्या भेगांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्यात दोन नावं आपल्या देशातल्या बायांची आहेत हे मी भाचीला मुद्दाम सांगितलं.

आई हे सगळं ऐकत गहू निवडत बसली होती. ती म्हणाली, "ते जपानचं ऱ्हाऊ दे. अण्णांच्या कोळप्याचं सांग तिला."

मी सातवीत होते त्या सालची गोष्ट. परतीचा पाऊस कसाबसा एकदा आला, त्या ओलीवर अण्णांनी शाळू पेरला. रब्बीची ज्वारी म्हणजे पावसाशिवाय वाढणारं पीक. जमिनीत जी ओल साठली असेल तिच्यावरच चार महिने काढायचे. ती ओल म्हणजे पिकाची बँकेतली शिल्लक. आणि भेग पडली की ही शिल्लक गळायला लागते. वरचा थर वाळला तरी खालची ओल झाकलेली असते. भेग खोलवर जाते आणि त्या झाकलेल्या मातीला वारा-ऊन लागतं. शिवाय आकसणारी माती पिकाची मुळं ताणून तोडते, ते वेगळंच. त्या वर्षी पीक गुडघ्याच्या वर आलं आणि रान उलायला लागलं. सुरुवातीला बोट जाईल एवढं, मग पंजा जाईल एवढं.

आमच्याकडं म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. पहिल्या दोन कोळपण्या पेरल्यापासून तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्याला होतात, तणासाठी. तिसरी आठव्या आठवड्याच्या सुमारास करतात आणि ती भेगांसाठी असते. तेव्हा जमीन इतकी टणक झालेली असते की साध्या पासेचं कोळपं वरून नुसतं घासत जातं. मग दातेरी कोळपं लावतात. त्याचे दात वरची माती उकरून मोकळी करतात आणि ती भेगांत ढकलतात. भेगेचं तोंड बुजतं, वर मऊ मातीचं पांघरूण बसतं. कृषी विद्यापीठांच्या शिफारशीतही ही तिसरी कोळपणी दातेरी कोळप्यानंच करायला सांगितलेली आहे.

आमच्याकडं तेव्हा एकच बैल होता. दुसरा सावडीत, म्हणजे शेजारच्याचा एक आणि आमचा एक अशी जोडी करून दोघांनी आळीपाळीनं कामं उरकायची. अण्णांनी दातेरी कोळपं जुंपलं, बैलांच्या तोंडाला मुसकी बांधली. शेजारच्या रानातले एक बाबा म्हणाले, "कामून जनावरं दमवायलास? आता आभाळानं दिलं तर दिलं." अण्णा काही बोलले नाहीत. निम्मं रान कोळपून झालं आणि शेजाऱ्याचा बैल लंगडायला लागला. जोडी मोडली. राहिलेलं निम्मं रान तसंच राहिलं.

पंधरा-वीस दिवसांनी येळवस आली. वेळा अमावास्येला लातूर-धाराशिवकडं सगळं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची कोप करायची, पांडवांची पूजा करायची, मग भज्जी, उंडे आणि मडक्यातलं आंबील. आम्ही जिथं सतरंजी टाकली तिथं एका बाजूला कोळपलेलं रान होतं, दुसऱ्या बाजूला राहिलेलं. दुपारचे बारा वाजलेले. राहिलेल्या बाजूच्या ज्वारीची पानं सुरळीसारखी गुंडाळलेली होती. तहान लागली की ज्वारी अशीच पानं मिटून घेते. कोळपलेल्या बाजूची पानं अजून उघडी होती. मधे फक्त एक सरी. आईच्या हातून आंबिलाचा तांब्या कलंडला आणि सगळं आंबील एका भेगेत गडप झालं, वर ओलसुद्धा राहिली नाही. अण्णा तिकडं बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी उंडा अर्धाच खाल्ला.

सुगीला कोळपलेल्या बाजूला जेमतेम वर्ष निघेल एवढी ज्वारी झाली. दुसऱ्या बाजूची कणसं बारीक, दाणा चिमलेला; तिकडं कडबा मिळाला तेवढाच. ती ज्वारी झाली नसती तर मला आठवीला शाळेत पाठवलं असतं की ऊसतोडीच्या टोळीबरोबर, हे मी आईला कधी विचारलेलं नाही. तिनंही आपण होऊन सांगितलेलं नाही.

भाची गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे भेगा वाईटच ना?"

आई म्हणाली, "मग मृगाचं पानी कुठून मुरतंय? भेगांतूनच की."

तेही खरंच. उन्हाळ्यात उललेल्या रानावर पहिला जोराचा पाऊस पडतो तेव्हा पाणी भेगांतून थेट खोलवर उतरतं. काही दिवसांनी माती फुगून भेगा मिटल्या की हीच जमीन पाणी आत घ्यायला कुरकुर करते. शिवाय उन्हाळाभर वरची भुसभुशीत माती भेगांत पडत राहते, पावसाळ्यात ती फुगून बाकीच्या मातीला ढकलते, आणि रान आतल्या आत उलथं होतं. मृदाशास्त्रज्ञ अशा जमिनींना व्हर्टिसॉल म्हणतात. त्या नावाच्या मुळाशी लॅटिनमधला उलथणं या अर्थाचा शब्द आहे. वैशाखातली भेग आणि मार्गशीर्षातली भेग दिसायला सारखीच, पण शेतकऱ्याला एक हवी असते आणि दुसरी नको असते.

जाता जाता एक कामाची गोष्ट. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. धक्का आमच्याकडंही बसला. नंतर कित्येक महिने लोक भिंतीवरच्या प्रत्येक भेगेकडं बघून घाबरायचे आणि अंगणात झोपायचे. तेव्हा गावात आलेल्या एका इंजिनिअरनं आम्हा मुलांना दोन प्रकार दाखवले. जाळीसारख्या, उथळ, गिलाव्यातल्या गिलाव्यातच संपणाऱ्या भेगा म्हणजे वाळताना पडलेल्या. त्या आपल्या थाळीतल्याच. पण खिडकीच्या नाहीतर दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग म्हणजे भिंत हलली आहे. अशा भेगेवर त्यानं काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटनं घट्ट बसवली. काच तडकली तर समजायचं, भिंत अजून हलतेय. तुमच्या घरात अशी तिरपी भेग दिसली तर आई-बाबांना लगेच दाखवा आणि जाणकाराला बोलवा. जाळीच्या भेगांना मात्र घाबरायचं काही कारण नाही.

दुसरी थाळी भाचीनं टाकू दिलेली नाही. तिला गोरिंगसारखं करून बघायचंय. आठवड्यातून एकदा पाण्याचा हलका शिडकावा, माती फुगून भेगा मिटेपर्यंत. मग सावलीत वाळवणं, वहीत चित्र, कोनमापकानं कोन. थाळी हलवायची नाही, तिच्यावर कुणी काही ठेवायचं नाही, असा घरात हुकूम आहे. परवा फोनवर तिनं सांगितलं की सातवी पाळी झाली. पाच काटकोनांपैकी दोन थोडे हललेत, एक नव्वदाचा शंभर झालाय आणि एक एकशेचार. तीन अजून तसेच आहेत. काळी माती नसेल तर शाडूवर किंवा कॉर्नफ्लॉवरवर करून बघा. पण थर किती जाड घेतला ते लिहून ठेवा आणि तुमचे कोन किती आले ते कळवा.